झापड म्हंजी काय

३ डिसेंबर, मंगळवार

न्हाई, पेंग आन् डुलकी एक न्हाई! कोण म्हंतंय एक हाय? नात समृद्धी आठवीला, आन् तिच्या वहीत सगळ्याला एकच शब्द — झोप. म्हणून मीच लिवतो. माझ्या पोरानं, ज्ञानेशनं, कंपनीतनं आणलेली डायरी कोरीच पडलीया. मी चौथी शिकलेलो. चुका असतील तर असू दे.

पेंग — बसल्या जागी येती. मान खाली जाती. पेंगणाऱ्याला इचारा, म्हंतो, "जागाच हाय की!"

डुलकी — ही आपण मागून घेतो. दुपारची. गोड.

४ डिसेंबर

लवंडणं — नुसती पाठ टेकायची. रंगुबाई जेवल्यावर म्हंती, "जरा लवंडते वं." आन् चार वाजता उठून माझ्यावरच, "हाक नाय व्हय मारायची?" पन्नास वर्सं झाली लग्नाला. रोज त्येच!

६ डिसेंबर, शुक्रवार

गुंगी — शेवंतीच्या वाफ्याकडंला खाट टाकली. पाठीवर ऊन. मधमाश्या. जरा पडलो तर घुंगरं वाजली — लांबून, कालव्याच्या अंगानं. बैल तर कवाच गेलं! तरी वाजली. डोळं मिटलं न्हवतं. शेवंतीबी दिसत व्हती, आन् तिच्यातनंच ऊसगाडी चाललेली. चाकाखाली एक फूल मोडत न्हवतं. रंगुबाईनं चहाला हाक मारली ती पाण्याखालनं आल्यावाणी. ह्याला येगळा शब्द असंल. मला म्हाईत न्हाई. गुंगीच लिवतो.

८ डिसेंबर, रविवार

पोरगा ज्ञानेश कुरकुंभला कामाला. रातपाळी सुटली की मोटारसायकलवर सवा तास, मग आमचं गाव, न्हावरं. आज आला तो अंगणात गाडीवरच बसून. इंजन चालू. डोळं उघडं. "ज्ञानेश!" म्हंटलं, तर वळंना. खांदा हालवला तवा दचकला.

म्हंटलं, उद्यापासनं येष्टीनं जा.

हसला. "आबा, गाड्या बदलत बदलत निम्मा दिस जातोय. माझ्या गाडीला रस्ता पाठ हाय. आपोआप घरी येती!"

रंगुबाईबी हसली. मी भाकर तशीच ठिवून उठलो.

"तुमाला काय झालं आता?"

काय न्हाई म्हंटलं.

९ डिसेंबर

झापड — डोळं उघडं, आन् आत माणूस न्हाई. सांगून येत न्हाई. गेल्यावर कळती.

हा शब्द आमच्या घरात कुणी बोलत न्हाई. धाकटा भाऊ रोहिदास. बावन्न वर्सं झाली. ऊस घिऊन कारखान्याला चाललो व्हतो दोघं, पहाटंचं. कालव्याच्या उताराला चाकाखाली गेला. गाव म्हंतं, गाडीवर झापड आली, पडला. आई मरंस्तवर म्हणायची — "माझ्या लेकराला झापड आली गं!" मी शेजारी बसून ऐकायचो.

१० डिसेंबर

शेवंतीकडं गेलो न्हाई. खाट घरात घेतली. तरी घुंगरं वाजलीच.

११ डिसेंबर

ज्ञानेशच्या पँटीला चिखल. "कायतरी आडवं आलं, आबा. जरा घसरली." कुत्रं का म्हंटलं. त्याला सांगता यीना.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज ज्ञानेशला म्होरं बसवलं आन् सांगितलं. रंगुबाईबी ऐकत व्हती.

रोहिदास झोपला न्हवता. उतार म्हणून खाली उतरून बैलांम्होरं चालला व्हता. गाडीवर मी. कासरा माझ्या हातात. घरनं निघताना मीच त्याला म्हंटलं व्हतं — काळजी कशाला, बैलांना रस्ता पाठ हाय.

झापड मला आली.

ज्ञानेश उठला. गाडीची किल्ली माझ्या हातात ठिवली आन् येष्टीला गेला.

बास. ह्याच्याम्होरं मी लिवणार न्हाई.