दोनशे बारा पावलं

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन सव्वा महिना झाला. त्यात तू एकच प्रश्न विचारलास आणि मी उत्तर दिलं नाही. रागावली असशील. लिहायला बसायचो, पण सांगण्यासारखं काही नसायचं. आज आहे.

लढाई थांबल्यावर इथे नवीन इंजिनिअरबाई आल्या. वयाने तुझ्याएवढ्या, तुझ्याहून फटकळ. पाणीखात्याचं ऑफिस जळलं तेव्हा नकाशेही गेले, पण सगळ्या लाइनी खात्यातल्या जुन्या काकांच्या, म्हणजे माझ्या, डोक्यात आहेत, असं मुकादमाने त्यांना सांगून टाकलं. दवाखान्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह मीच बंद केला होता, पहिले गोळे पडले त्या सकाळी. फुटलेल्या गटारांची घाण लाइनमध्ये शिरू नये म्हणून. नंतर त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची घरं पडली, राडारोड्यावरून ट्रक गेले आणि व्हॉल्व्हचं झाकण गडप झालं. पाण्याशिवाय डॉक्टरबाई बाळंतिणीची खोली उघडायला तयार नव्हत्या. बायका तीन तासांवरच्या शहरात जायच्या. एकीचं ट्रकमध्येच झालं. दोघं वाचली.

मी म्हटलं, त्यात काय, आपल्या फाटकापासून दोनशे बारा पावलं. दहा वर्षं रोज मोजलेली. मोजून काठी रोवली. चौघांनी दिवसभर खणलं आणि लागला गटाराचा पाइप. लागला कसला, फुटलाच. शेजारच्या मावशींनी नाकाला पदर लावून खिडकीतून विचारलं, "काय हो भाऊजी, पाणी आणणार होतात ना?" सगळे हसले. इंजिनिअरबाई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. गटार सांधण्यात तीन दिवस गेले. जवळच दुसरा खड्डा घेतला, तोही कोरडा. मुकादम हळूच म्हणाला, "काका, वयाने होतं असं." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी चपला घालताना शेजारी ठेवलेल्या तुझ्या आईच्या चपलांकडे लक्ष गेलं. त्या मी अजून हलवलेल्या नाहीत. डाव्या चपलेचं टोक झिजलंय. गुडघा धरल्यापासून ती पाय ओढत चालायची, आणि तिला दवाखान्यात ड्यूटीला सोडायला मी रोज बरोबर असायचो. मी वाटेतल्या व्हॉल्व्हपर्यंत पावलं मोजायला लागलो की म्हणायची, "मोजा, मोजा. एखादं कमी पडलं तर दवाखाना पळून जाईल." ती दोनशे बारा माझी नव्हतीच गं. तिच्या चालीची होती.

मग मी तिच्यासारखा चाललो. एक पाऊल पुरं, एक अर्धं. विजेच्या खांबापाशी ती दम घ्यायला टेकायची, तिथे टेकलो. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. मावशी खिडकीतून बघत होत्या. दोनशे बारा झाली ती पहिल्या खड्ड्याच्या बरंच अलीकडे. हातभर खणल्यावर कुदळ झाकणावर वाजली.

आधी गंजाचं लालभडक पाणी आलं. मग लाइन धुतली, ब्लीचिंग टाकलं, नमुने तपासायला दिले. काल अहवाल आला, पाणी चांगलं आहे. डॉक्टरबाईंनी नळ सोडून कोपरापर्यंत हात धुतले. पेशंट एकही नव्हता. संडासांनाही पाणी आहे. इंजिनिअरबाईंनी नव्या नकाशात तो व्हॉल्व्ह दाखवला आणि पुढे मीटरमध्ये अंतर लिहिलं. मी हरकत घेतली नाही.

आई गेली ती विहिरीच्या पाण्याने, काविळीने. त्या लाइनवरचा आपलाही नळ मीच बंद केला होता. ते बरोबरच होतं, हे मला कळतं. तरी "बाबा, बाळंतपणाला घरी येऊ का," असं तू विचारलंस तेव्हा "ये" हे एवढंसं मला लिहवेना. आता लिहितो. ये. जावईबापूंनाही घेऊन ये. डॉक्टरबाईंनी तुझी तारीख विचारून ठेवली आहे. फाटकापासून दवाखान्यापर्यंत मी सोबत येईन. तुला सावकाश चालावं लागेल, पण माझी काळजी करू नकोस. मला ती चाल येते.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा