पट्टी तिथे संगणक

प्रति,
मा. अधीक्षक,
भांडार व पडताळणी शाखा,
बांधकाम विभाग, दुसरा मजला (सावलीची बाजू).

विषय : संगणक हरवल्याबद्दलच्या नोटिशीचा खुलासा, तसेच सदर संगणक सध्या कोठे आहे ते कळवण्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस. २) नदीवरील पुलाच्या भारक्षमतेचा अहवाल. ३) आपण जिन्यात काढलेले उद्गार.

महोदय,

मी खाली सही करणारी, पूल कक्षातील कनिष्ठ अभियंता, आपल्या सेवेशी सादर करते की,

१. नदीवरच्या पुलाच्या मधल्या खांबाला तडा गेला आहे. त्यावरून जड वाहने जाऊ द्यावीत की नाही, हे ठरवणारे गणित माझ्याकडे आहे. ते संगणकावर दिवसभर अखंड चालावे लागते. अहवाल येईपर्यंत पूल जैसे थे, म्हणजे उघडाच ठेवावा, असा विभागाचा आदेश आहे. माझ्या मुलीच्या शाळेची बस रोज त्याच पुलावरून जाते-येते. हे वाक्य अर्जात शोभत नाही याची मला कल्पना आहे. पण बस सुटली की ती पूल ओलांडेपर्यंतची मिनिटे मी मोजत बसते आणि त्यासाठी अर्जाचा वेगळा नमुना आपल्या शाखेत मिळत नाही.

२. गणित सुरू केले की प्रोसेसरचे तापमान चढू लागते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते शंभर अंशांना टेकते आणि यंत्र स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बंद पडते. तोवरची सगळी मेहनत पाण्यात. याबाबत पहिला अर्ज केला तेव्हा आपण तूर्तास अर्धाच पूल मोजावा असे सुचवलेत. दुसऱ्या अर्जावर एक उभा पंखा मंजूर झाला. तो पडताळणीसाठी आपल्या दालनात थांबला, तो अजून तिथेच फिरतो आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिसऱ्या अर्जाला लेखी उत्तर आले की तापमान मोजल्याने कर्मचाऱ्यांत घबराट पसरते, सबब ते मोजू नये.

३. अखेर मी स्वतःच टेबलाखाली शिरून यंत्र पाहिले. आपल्या शाखेचा नियम असा की मालमत्ता क्रमांकाची पट्टी वस्तूच्या दर्शनी भागावर चिकटवावी, दर पडताळणीला नवी चिकटवावी आणि जुनी काढू नये. आता या संगणकाचा दर्शनी भाग म्हणजे हवा आत घेणारी जाळी. आपल्या माणसांनी ती वर्षानुवर्षे इतक्या निष्ठेने लिंपली आहे की आत मुंगीलाही वाट राहिलेली नाही. नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात. या बिचाऱ्याला तोंड नाही, म्हणून ते डोळे मिटत होते.

४. मी सुरीने सगळ्या पट्ट्या सोलल्या. तापमान सत्तरच्या आसपास थांबले आणि गणित प्रथमच तडीस गेले. निष्कर्ष असा की मधला खांब भरलेल्या बसचे वजन फार दिवस पेलणार नाही, पूल ताबडतोब बंद करावा. तसा अहवाल मी दिला. तो अभिप्रायासाठी आपल्याकडे आला आणि आपण तो फेटाळलात, कारण ज्यावर गणित केले त्या संगणकावर पट्टी नाही. मी जिन्यात आपणास गाठले तेव्हा आपण फार मायेने समजावलेत, "बाई, पट्टी तिथे संगणक. पट्टी नाही म्हणजे ते यंत्र आपल्या कार्यालयातच नाही. जे यंत्रच नाही त्याचा अहवाल मी कसा मान्य करू?" त्यानंतर संगणक हरवल्याची नोटीस माझ्या टेबलावर आली. ज्या संगणकाबद्दल ती होती, त्याच्याच शेजारी ती ठेवलेली होती.

५. वरिष्ठांचा शब्द प्रमाण मानावा अशी माझी शिकवण आहे. त्याच संध्याकाळी मी रस्ता कक्षातील रिकामी डांबराची पिंपे पुलाच्या दोन्ही टोकांना आडवी लावली आणि प्रत्येक बाजूला सोललेल्यांपैकी एकेक पट्टी चिकटवली, अर्थातच दर्शनी भागावर. लेखी परवानगीशिवाय ही वस्तू हलवल्यास कारवाई होईल, असे पट्टीवर आपल्याच कृपेने ठळक छापलेले आहे. वाहतूक हवालदाराने एक पिंप ढकलले, पट्टी वाचली आणि पिंप जागेवर आणून ठेवले. आपले भांडारपाल आले, क्रमांक जुळवून पाहिला आणि बरोबर आहे म्हणून निघून गेले. विभागाचे ट्रक वळले. शाळेची बसही वळली. माझा अहवाल जे करू शकला नाही, ते आपल्या डिंकाने केले. मुलगी आता लांबच्या रस्त्याने जाते, उशिरा पोचते आणि घरी येऊन कुरकुर करते. ती कुरकुर मी पोटभर ऐकते.

६. सबब, आपला हरवलेला संगणक सापडला असून तो पुलावर आहे. दोन्ही टोकांना एकच संगणक कसा, अशी शंका आल्यास दोन्ही पट्ट्या आपल्याच शाखेच्या आहेत, आपणच उलगडा करावा. नोटीस मागे घ्यावी आणि पडताळणीसाठी समक्ष यावे, ही विनंती. पिंपे ओलांडून पुलावर जाण्यास आपणास हरकत नसावी, कारण अहवाल आपण अमान्यच केला आहे. फक्त मधल्या खांबावर फार वेळ उभे राहू नये. गणितात आपले वजन धरलेले नाही.

नोटिशीला पात्र ठरलेली,
आपली नम्र,
(सही)
कनिष्ठ अभियंता, पूल कक्ष

दिनांक : पूल बंद झाल्याचा तिसरा दिवस

सोबत :
१) उरलेल्या पट्ट्या, एकमेकींना चिकटलेल्या अवस्थेत, जाडी पुठ्ठ्याएवढी.
२) नसलेल्या संगणकावर छापलेला अहवाल.