गाडीतलं गाडीतच

अहो,

काल जनरल साहेबांच्या मुलीचा फोन आला, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. मग म्हणाली, "भाभी, लड़ाई में पापा की जीप भैया ही चलाते थे ना. उस दिन नदी पर पापा क्यों रुक गए, भैया ने कभी बताया?"

"सोचके बताती हूँ," मी म्हटलं. सोचायचं काय होतं हो त्यात? मला सगळं ठाऊक आहे!

पण तुमची ती शिस्त. साहेब गाडीत बोलले ते गाडीतच राहिलं पाहिजे. फौज सोडून इथे भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये जीप चालवू लागलात तरी तेच. "आज कोणाले नेलं?" विचारलं की तुम्ही म्हणायचात, "गाडीले नेलं."

तुमच्याच पत्रांपायी मी वाचायला शिकले. लढाईवरून आलेलं पत्र शेजारचे मास्तर मोठ्यानं वाचत, अन् मी पदरात तोंड लपवी. शेवटी अक्षरं स्वतःच गिरवली. कशाला शिकले असं वाटलं ते मागच्या वर्षी. त्या लढाईवरचं पुस्तक मीच तुम्हाला वाचून दाखवलं ना! साहेब घाबरून दिवसभर नदीवर थांबले, म्हणून त्यांची पुढची बढती गेली, असं त्यात होतं. तुम्ही ताटावरून उठलात.

"खोटं हाये! जखमी पोरं मागं राहून गेली होती. पुढं जायचे ट्रक साहेबानं मागं धाडले, त्यायले आणाले. चूक एका नव्या कॅप्टनची. साहेब मले जीपमध्ये म्हणे, 'बच्चा है. उसका नाम नहीं आएगा.' वरून विचारलं तं म्हणे, 'मैं रुका.' बस, एवढंच."

"मंग त्यांच्या पोरीले कावून नाही सांगत?"

"गाडीतलं गाडीतच, वो."

एवढा मोठा माणूस भित्रा म्हणवून घेत घरी बसला, तसाच गेला. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. ही कसली इमानदारी? मला राग आहे तुमचा. तेरवीला लोक तुमचं चांगलं बोलत होते, तेव्हाही होता.

शेवटी शेवटी पलंगावर पडल्या पडल्या तुमचे हात स्टेअरिंग फिरवायचे. मी धरले तरी थांबायचे नाहीत. कोणाला आणायला निघाला होतात? त्याच पोरांना? मी विचारलं नाही. आता घर इतकं शांत असतं की रस्त्यावर गाडी थांबली तरी मी दाराकडे पाहते.

उद्या सकाळी मी तिला फोन करणार आहे. तिचे वडील का थांबले, ते सांगणार. तुमची शिस्त मोडते आहे, रागवायचं तर रागवा. त्या कॅप्टनचं नाव तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं. ते मात्र कोणी कितीही विचारलं तरी माझ्या तोंडून निघणार नाही. तेवढं गाडीतच राहील.

तुमची,
कमल
खुर्सीपार, भिलाई