अळवाच्या बांधावरचं नीरफणस

ओनेरोआ, मांगाइया
४ मे १९७८

चि. मेतुआस अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तामारुआ गावची ती मुलगी अजून तुझ्यासाठी थांबली आहे, आणि तुझं साधं पत्रही नाही.

लिहायचं कारण आपला चुलतभाऊ तांगी. ऑकलंडहून आल्यापासून फार गोड बोलतो, न बोलावता अळवाच्या शेतात राबतो. काल बघते तर कड्याखालच्या बांधावर नीरफणसाचं नवं रोप, भोवती दगड रचलेले! विचारलं तर म्हणे, सावलीला लावलं. अळवाला सावली? मला खुळी समजतो का? त्याची बायको नुकतीच बाळंत झाली आहे. झाडाखाली पोराची नाळ पुरली की उद्या ते पोर तिथे हक्क सांगणार, मग कोण हलवणार त्याला? आईची जमीन डोळ्यांदेखत जाईल रे. काय करू ते लगेच कळव.

तुझी, अक्का

ऑकलंड, १९ मे

ती. अक्कास मेतुआचा नमस्कार.

तांगी तसा नाही. रोपाला हात लावू नकोस. बाकी सवडीने लिहितो. राग नसावा.

मेतुआ

ओनेरोआ, २ जून

चि. मेतुआस आशीर्वाद, द्यावेसे वाटत नाहीत तरी.

म्हणजे तूही सामील! कितीला विकलीस जमीन? बोटीने पत्र आलं त्याच दुपारी मी रोप उपटलं. खाली फडक्यात वाळकी नाळ निघालीच. तांगीच्या दारात नेऊन आपटली. भांडेल वाटलं, तर हळूच म्हणाला, “अक्का, ही माझ्या पोराची नाही. मेतुआला विचार.” विचारते आहे.

अक्का

ऑकलंड, १६ जून

ती. अक्कास नमस्कार.

नाळ माझ्या मुलीची आहे. तिची आई टोंगाची. तू तामारुआची सून ठरवून बसलेली, सांगायला जीभ रेटेना, म्हणून नाळ तांगीबरोबर पाठवली आणि आपल्या बांधावर पुरायची त्याला गळ घातली. इथे भाड्याच्या घराच्या अंगणात पुरायला मन होईना गं. पोरीचं नाव आपल्या आईचंच ठेवलं, ईना. नाळ कुठे आहे अक्का? एवढंच कळव.

मेतुआ

ओनेरोआ, २८ जुलै

चि. ईनास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

नाळ तांगीच्या बायकोने जपून ठेवली होती, उपटलेलं रोपही चिखलात रोवून जगवलं होतं. मी तिची आणि तांगीची माफी मागितली, आणि तिघांनी मिळून रोप पुन्हा त्याच बांधावर लावलं. जुनी पानं सगळी गळली. आज सकाळी शेंड्याला एक नवं दिसलं, तिथेच बसून रडले.

तुझ्या बापाशी मी बोलत नाही, त्याला सांग. आईला घेऊन ये. माया आहेच, ती इथे येऊन घे.

तुझी, आत्या