जावयाची कुस्ती, जपानी पद्धतीने

३ मार्च
निर्णय झाला. एप्रिलमध्ये सासुरवाडीच्या जत्रेत मी कुस्ती खेळणार. गेल्या वर्षी जावयांना फेटे बांधताना मेहुणा कुंदन माईकवर म्हणाला, आमचे शेखरदाजी इंदिरानगरला एसीत बसतात. गाव हसलं. मी विसरलेलो नाही. माझा गुरू जपानी पैलवान ओनिमारू (यूट्यूबवर भेटतो). बिचारा सुरुवातीला वर्षानुवर्षं हरला, मान मोडून घेतली, निवृत्त झाला आणि पंचेचाळिशीत परत येऊन चॅम्पियन! मीही पंचेचाळीसचाच. हा योगायोग नाही.

९ मार्च
आमची कन्या सृष्टी म्हणते, पप्पा, ओनिमारूच्या मॅचमध्ये कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. हे हिला शिकवलं कोणी? मामाने. दुसरं कोण! माझं खच्चीकरण चालू आहे. उद्यापासून पहाटे जोर-बैठका.

१० मार्च
अलार्म वाजला नाही. कोणीतरी बंद केला असणार.

२१ मार्च
ओनिमारूची खासियत म्हणजे छातीवर सणसणीत चापट. सोफ्याच्या उशीवर सराव केला. मनगट सुजलं. मोहिनीने लगेच हळदीचा लेप लावला. लेप इतक्या लवकर तयार कसा? बायको असली म्हणून काय झालं, लक्ष ठेवायला हवं.

२ एप्रिल
मोहिनी गॅलरीत फोनवर कुजबुजत होती. दादा, जोड समाधानशीच लाव, पण त्याला नीट समजावून सांग. मी दिसताच विषय भेंडीवर गेला. समाधान म्हणजे गावच्या तालमीतला सगळ्यात दांडगा गडी. पाणी मुरतंय. बहीण-भाऊ मिळून मला भर मैदानात लोळवणार.

५ एप्रिल
मोठ्या लढतीआधी ओनिमारूचाही कोणावर विश्वास नसायचा (चेहऱ्यावरून तरी तसं वाटतं). मोहिनीने दिलेलं बदामाचं दूध कुंडीत ओतलं. वजन वाढलंय, पण ते ताकदीचं आहे.

१२ एप्रिल, संध्याकाळ
कुंदनने मैदानात माझी जोड समाधानशी लावली. हलगी कडाडली. हात मिळवताना समाधान कानाशी पुटपुटला, "दाजी, डावीकडं रेटा. मी पडतो."
मी काय दूधखुळा आहे? ओनिमारूसारखी उजवीकडे झेप घेतली. तिकडे कोणीच नव्हतं. उताणा आपटलो. मला सावरायला धावलेला समाधान अडखळून माझ्यावरच आला. पंचाने नाइलाजाने त्याचा हात वर केला. टाळी एकही वाजली नाही. म्हणजे सगळे सामील!

१३ एप्रिल
कंबर धरली आहे. पडल्या पडल्या मोहिनीला त्यांचं सगळं कारस्थान सुनावलं. तिने ऐकून घेतलं. मग सांगितलं, जत्रेत जावयाला पडू द्यायचं नाही ही गावची रीतच आहे. गेल्या वर्षी लोक हसले ते कुंदनलाही लागलं होतं. समाधानला पाहुण्याला न दुखवता पडता येतं, म्हणून तिने त्यालाच मागून घेतलं.
"अख्खं गाव तुम्हाला जिंकवायला बसलं होतं," ती म्हणाली. "विरोधात एकटे तुम्हीच होतात."
फार लाज वाटली. माफी मागणारच होतो. तेवढ्यात तिने शेकायची पिशवी पाठीखाली सरकवली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, यात काय भरलंय?
ती उठून बाहेर गेली. पिशवी उघडून पाहिली. पाणीच होतं.