साडूभाऊंनी शेळीची धार काढली त्याबद्दल

चाकण, माघ १९५७

रा. रा. उद्धवराव साडूभाऊ यांसी दौलतरावाचा नमस्कार. आपणा उभयतांची प्रकृती उत्तम असेलच. (नसायला काय झालं? पिंपळे गुरवची हवा, नदीचं पाणी आणि वर तिथल्या शाळेतली माझी जागा!) आम्हीही खुशाल आहोत. फक्त परवापासून मला जेवण गोड लागत नाही. सुमनताईंनी आमच्या कुसुमला कळवलं की आपण रंभाच्या चंद्री शेळीची धार काढलीत, आणि तीही दुसऱ्याच शनिवारी! अभिनंदन. शेळी तीच होती ना? रंभाच्या बापाकडे एक म्हातारी शेळीही आहे, ती कुणालाही दूध देते. सहज विचारतो.

त्या शाळेत मी चार वर्षं काढली. वर्ग चिंचेखाली, गणित वांग्यांच्या वाफ्यात, छडी औषधालासुद्धा नाही. आणि शनिवारची ती उलटी शाळा! मुलं मास्तर व्हायची आणि आम्ही मास्तर पोत्यावर मांडी घालून बसायचो. माझी बाई म्हणजे मेंढपाळ बिरूची रंभा, दुसरीतली. विषय धार काढणे. चंद्रीनं माझ्या किती चरव्या लाथाडल्या ते तिलाच ठाऊक. रंभा कमरेवर हात ठेवून म्हणायची, "न्हाई जमलं मास्तर. नापास. फुडल्या शनवारी या." सगळं झाड हसायचं, मीही हसायचो. एवढं सुख मला लग्नातही झालं नव्हतं (हे सुमनताईंना वाचून दाखवू नये). आणि आपण येता काय, धार काढता काय! ज्याला घरी दुधावरची साय काढता येत नाही त्यानं!

बढती घेऊन मी इथे हेडमास्तर झालो. खुर्चीला हात आहेत, टेबलाला खण आहे, आणि खणात छडी आहे. मुलं इतकी गप्प, की माशी बसली तरी ऐकू येतं. न राहवून गेल्या शनिवारी मी उलटी शाळा भरवली. म्हटलं, आज तुम्ही मास्तर, मला काहीही शिकवा. कुणी हलेना. शेवटी चौथीतला सोनबा उठला, त्यानं खणातून छडी काढली आणि म्हणाला, "हात फुडं करा." त्या पोराला शिकवणं म्हणजे एवढंच ठाऊक! मी केला पुढे. दुसरी छडी बसत होती तोच दारात शिक्षण खात्याचे दिपोटीसाहेब उभे. मी घाईनं छडी ओढून घेतली. त्यांना वाटलं मीच मारतोय आणि नेम चुकून ती माझ्याच हातावर बसली. शेऱ्यात लिहून गेले, "शिस्त उत्तम." तळहात अजून हुळहुळतो आहे, पण खरं दुखतं ते दुसरीकडेच.

असो. आपण सुखात आहात, आनंद आहे. मुलांना आशीर्वाद, चंद्रीला काही नाही.

आपला,
दौलतराव

ता. क. माझं पोतं खिडकीखाली आहे, कोळशानं नाव घातलेलं. त्यावर बसू नये.

ता. क. बसला असाल तर झटकून ठेवावं.

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच कुसुम म्हणाली, "अहो, सुमननं पुढचंही सांगितलंय, पण तुम्ही ऐकता कुठं?" म्हणे रंभानं आपल्याला पास करून लगेच पोत्यावरून उठवलं. पास झालेल्याचं वर्गात काय काम! आता शनिवारी सगळी शाळा चिंचेखाली हसते आणि आपण एकटे ओसरीवर चहा पिता. आणि रंभा रोज विचारते, "आमचं नापास मास्तर कवा येनार?"

उद्धवराव, वरचं सगळं रद्द समजा. माझ्यासारखा हलकट साडू देव कुणाला न देवो. येत्या शनिवारी सुट्टी टाकून येतो. सोनबालाही आणतो, त्यानं जरा बघावं. तेवढं चंद्रीला सकाळी कुणी पिळू नये म्हणून सांगा. आणि एक मेहेरबानी करा, धार कशी काढली ते मला चुकूनही सांगू नका.