तलावात चारा टाकायचा नाही

तीर्थरूप बाबा,
दुरूनच तुमच्या पाया पडते.

मी बरी आहे. खोकला जवळजवळ गेलाय, तेव्हा आईला उगाच सांगत बसू नका. तिचा गुडघा कसा आहे?

तुम्ही विचारलंत, इथे आलात तर पाण्यात कणकेचे गोळे टाकून मासे गोळा करता येतील का? नाही बाबा. गळाला आमिष लावलेलं चालतं, पण नुसता चारा टाकायला बंदी आहे. प्यायचं पाणी आहे, ते नासतं. आणि पहारा माझाच असतो.

परवा मी एका म्हाताऱ्या शिंप्याला पकडलं. साधारण तुमच्याच वयाचे. हातात कणकेची पिशवी होती, गळ नव्हताच.

"मासे धरायचेत कुणाला?" ते म्हणाले. "बायको गेल्यापासून माझी वाट बघणारे हेच."

मी नियम वाचून दाखवला. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दमलेली दिसतेस पोरी. बस जरा."

मी खरंच बसले. तक्रार लिहिलीच नाही. साहेबांना कळलं तर माझी धडगत नाही.

काल ते रिकाम्या हातांनी आले. लांबूनच तळवे उघडून दाखवले मला. नेहमीच्या वेळेला मासे काठाशी आले, घुटमळले आणि परत गेले. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

दिवसभर लोकांना "नाही" म्हणून जीभ थकते, बाबा. तुम्ही मात्र या. लवकर या.

तुमची,
थोरली